सिंफनी तीच, मग दर वेळी वेगळी का वाजते? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवर (सिंफनी म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची मोठी रचना) दोनच परिच्छेद लिहिले होते, आणि शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की जमलं तर जुन्या रेकॉर्ड ऐका, त्या आजच्यासारख्या वाजत नाहीत. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप येतील असं वाटलं नव्हतं. बेळगावात नाट्यसंगीत ऐकणारे, भीमसेनजी ऐकणारे, कन्नड वचनं ऐकणारे घरोघरी आहेत हे माहीत होतं, पण सिंफनीवाले इतके लपून बसलेत हे नव्यानं कळलं. जागा आहे तेवढे प्रश्न घेतोय, बाकीचे नंतर बघू.

प्रश्न (टिळकवाडी): वडिलांच्या मागे त्यांच्या एलपी माझ्याकडे आल्या. त्यात बीथोव्हेनची पाचवी आहे, कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकची. पहिला भाग सात मिनिटं वीस-बावीस सेकंदांचा. परवा मुलानं फोनवर दुसऱ्या कुणाची तरी लावली तर तोच भाग नऊ मिनिटांच्या वर गेला, मला वाटलं नेट अडकलं. मग तिसरी लावली ती साडेसहाच्या आसपासच संपली. हे तर कागदावर लिहून ठेवलेलं संगीत ना? आमच्या मैफलीसारखं कमीजास्त कसं होतं? आणि बरोबर कुठलं?

उत्तर: नऊ मिनिटांच्या वर गेलेली बहुतेक पिएर बुलेझची असणार, १९६८ची (तोही क्लायबरसारखा कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणारा), ती मुद्दाम अशी जड पावलांनी चालते. आणि साडेसहावाली गार्डिनरची किंवा त्या वळणाच्या कुणाची तरी. नेटचा काही दोष नाही ओ.

आता कागदाचं. कागदावर स्वर लिहिलेले असतात, कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते असतं, जोरात का हळू ते असतं, पण किती वेगानं हे बराच काळ नुसतं शब्दात लिहायचे. अलेग्रो कॉन ब्रिओ, म्हणजे जलद आणि जोशात. आता जोशात म्हणजे किती हे ज्याच्या त्याच्या रक्तावर. बीथोव्हेनची ही सिंफनी १८०८च्या डिसेंबरात व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा टकटक ठोके देऊन वेग दाखवणारं मेट्रोनोम नावाचं यंत्र बाजारात नव्हतंच, ते माल्झेलनं १८१५ साली पेटंट केलं, आणि १८१७ साली बीथोव्हेननं आपल्या तोपर्यंतच्या आठही सिंफनींचे वेगाचे आकडे छापून टाकले. पाचवीच्या पहिल्या भागाचा आकडा आहे १०८, म्हणजे मिनिटाला १०८ बार (बार म्हणजे कागदावर उभ्या रेघांनी पाडलेला मात्रांचा एक कप्पा). या भागात एकूण ५०२ बार आहेत. कॅल्क्युलेटर काढा, भागाकार करा, पावणेपाच मिनिटंसुद्धा होत नाहीत!

पण मग साडेसहा तरी कशी? तर सुरुवातीचा १२४ बारचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवा अशी खूण त्यानं घातलीय. ती पाळली की मिनिटभराहून थोडं जास्त वाढलं. शिवाय त्या प्रसिद्ध चार स्वरांच्या शेवटच्या स्वरावर 'इथं थांबा' अशी खूण आहे, आणि किती थांबा हे लिहिलेलं नाही. कुणी श्वासभर थांबतो, कुणी असा थांबतो की समोरच्याला वाटावं झोपला की काय. म्हणून दोन रेकॉर्डींची मिनिटं शेजारी ठेवायच्या आधी एक बघायचं, पुनरावृत्ती घेतलीय का गाळलीय. जुन्या बऱ्याच रेकॉर्डींत गाळलेली असते, आणि मग माणूस सावकाश वाजवत असूनही आकडा लहान दिसतो. बेळगाव ते पणजी कुणाला किती वेळ लागला हे विचारताना चोर्ल्यात चहाला थांबलात का हेही विचारावं लागतं की नाही, तसं.

हे सगळं वजा करूनसुद्धा फरक उरतोच, आणि तो फरक म्हणजे खरी गंमत. १०८ हा आकडा लोकांनी शंभर-दीडशे वर्षं फारसा मनावरच घेतला नाही. कुणी म्हणायचं तोपर्यंत त्याला ऐकू येत नव्हतं, कुणी म्हणायचं त्याचा मेट्रोनोमच बिघडलेला होता. आपल्याला जड, भव्य, नशीब दारावर थाप मारतंय असला बीथोव्हेन हवा होता, त्यामुळे आकडा खोटा ठरवणं सोयीचं होतं, असं माझं मत. मग १९८०च्या दशकात नॉरिंग्टन, हॉगवूड ही मंडळी त्या काळच्या धाटणीची वाद्यं घेऊन आली, तातीच्या तारा, कातड्याचे छोटे नगारे आणि त्यावर कडक काठ्या, वादक मोजकेच, आणि त्यांनी आकडा खरा मानून वाजवून दाखवलं. वाजतंय की! गार्डिनर त्याच वाटेनं पुढं गेला. आणि त्याचा परिणाम असा झाला की आजची वाद्यं वाजवणारे ऑर्केस्ट्रासुद्धा सडसडीत वाजवायला लागले, १९९०च्या सुमाराचा हारनोनकूरचा सेट ऐकलात तर मी काय म्हणतोय ते पहिल्या मिनिटात कळेल.

पण म्हणून 'पूर्वी सगळे सावकाश, आता सगळे जलद' असं समजू नका, तेवढं सरळ ते नाही. तोस्कानिनी आणि फुर्टवेंगलर एकाच काळातले. तोस्कानिनी ताठ, चाबूक ओढल्यासारखा, आणि फुर्टवेंगलरचा वेग श्वासासारखा, आत्ता ओसरला आत्ता भरून आला, त्याला मेट्रोनोम लावायला गेलात तर दहा सेकंदांत चुकामूक. दोघांच्या रेकॉर्डी १९४०-५०च्याच. म्हणजे साल बघून वेग ओळखता येत नाही.

आणि बरोबर कुठलं म्हणाल तर तुम्ही क्लायबरची म्हणणार, कारण ती वडिलांची, घरात वाजत आलेली. माझंही तसंच आहे. मी कॉलेजात असताना खडेबाजारात एक कॅसेट घेतली होती आणि ती एका सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर ऐकायचो, सेल नवीन घालायला पैसे नसायचे म्हणून ते चावून, उन्हात ठेवून चालवायचो, आणि उतरलेल्या सेलवर टेप हळू फिरते. माझी पाचवी सिंफनी त्यामुळे कित्येक वर्षं चांगली संथ आणि खालच्या पट्टीत होती. पुढं कुणाकडे तरी सीडीवर ऐकली तेव्हा पहिलं वाटलं हे काय पळत सुटलेत.

प्रश्न (शहापूर): मी पेटी वाजवतो, भजनाला साथ करतो. मागचा अंक वाचून दोन-तीन रेकॉर्डिंग ऐकली आणि सवयीनं पेटीवर स्वर शोधले. एक बरोबर जुळलं. एक जरा उतरलेलं, धड या पट्टीत नाही की त्या पट्टीत नाही. आणि एक खूप जुनं होतं ते चक्क एक पट्टी वर. एकाच सिंफनीच्या तीन पट्ट्या?

उत्तर: वा बुवा, या वेळचं सगळ्यात आवडलेलं पत्र हे. तुमच्या हातात जे यंत्र आहे ते वापरून बाकीच्या वाचकांनाही तपासता येईल म्हणून नीट लिहितो.

पांढरी एकला सा धरा. पाचवी सिंफनी उघडते ती प प प, कोमल गऽऽ, मग म म म, रेऽऽ. पेटीवर पांढरी पाच तीनदा आणि काळी दोन, मग पांढरी चार तीनदा आणि पांढरी दोन. संपलं, एवढंच. आज सगळीकडे जो हिशोब धरतात त्यात पांढरी सहा म्हणजे ४४० कंपनं, हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं. तुमची पेटी नीट लागलेली असेल तर जुळलेलं रेकॉर्डिंग या मापाचं.

उतरलेलं जे आहे ते त्या जुन्या वाद्यांवाल्यांचं असणार. ते बीथोव्हेनच्या काळाला धरून बहुतेक ४३०वर लावतात, म्हणजे एका पट्टीच्या अर्ध्यापेक्षाही थोडं कमी खाली. म्हणून तुम्हाला ते धड कुठंच सापडत नाही, तुमचा कान बरोबर आहे. तिथं पेटी बंद करून नुसतं ऐका, नाहीतर दात आंबतात.

आणि एक पट्टी वर गेलेलं म्हणजे तबकडी जोरात फिरलीय. आपण सरसकट ७८ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळे ७८वर रेकॉर्ड करत नव्हते, कुणी कमी कुणी जास्त, आणि आज कुणीतरी ती आपल्या मशीनवर ७८नं फिरवून कॉम्प्युटरवर चढवतो. एक पट्टी म्हणजे साधारण सहा टक्के. म्हणजे पट्टी एक चढली तर वेगही सहा टक्के चढला, अर्ध्या तासाच्या सिंफनीतली दीड-पावणेदोन मिनिटं हवेत गेली. मग तीच ऐकून कुणीतरी लिहितो की अहाहा, जुने लोक काय जलद वाजवायचे. कंडक्टरचं कौतुक करायच्या आधी पेटी काढावी! माझ्या उतरलेल्या सेलच्या टेपचीही हीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूनं.

प्रश्न (खानापूर): आमच्या आजोबांच्या ट्रंकेत ७८च्या तबकड्यांचा एक जाड अल्बम आहे, इंग्रजी सिंफनीचा. तबकडी चार मिनिटांत संपते आणि सूर मध्येच तुटतो. लोक असं तुकड्या-तुकड्यानं कसं ऐकायचे? वाजवणारेपण थांबून थांबून वाजवायचे का?

उत्तर: होय, थांबून थांबूनच. बारा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे चार, फार तर साडेचार मिनिटं. आपल्याकडे तर त्याहून लहान तबकड्या चालायच्या, तीन-सव्वातीन मिनिटांत ख्याल उरकायचा, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यातसुद्धा भैरवी कुठल्या कुठं नेऊन ठेवली ती गोष्ट निराळी. आपल्याकडे गाणारा त्या तीन मिनिटांसाठी गाणं नव्यानं बेततो, नको ते गाळतो. सिंफनीवाल्याला ते करता येत नाही. जेवढं लिहिलंय तेवढं वाजलंच पाहिजे, मग ते आठ-आठ बाजूंवर कापायचं, आणि कुठं कापायचं हे आधी बसून ठरवायचं. एक बाजू वाजवायची, थांबायचं, नवी मेणाची तबकडी लावायची, पुन्हा सुरू. चुकलं तर पूर्ण बाजू परत, कारण मेणावर खोडता येत नाही.

आर्थर निकिशनं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर १९१३च्या नोव्हेंबरात पाचवी रेकॉर्ड केली ती अशी आठ बाजूंवर. तेव्हा माईकसुद्धा नव्हता. एक मोठा भोंगा भिंतीतून बाहेर आलेला आणि त्याच्यासमोर वादक दाटीवाटीनं बसलेले, सणाच्या दिवशी बेळगाव-खानापूर गाडीत बसतात तसे. अख्खा ऑर्केस्ट्रा त्या भोंग्यासमोर मावत नसे म्हणून व्हायोलिनवाले कमी करायचे, आणि डबल बेसचा खर्ज भोंग्याला पकडता यायचा नाही म्हणून तिथं बऱ्याचदा ट्यूबा घ्यायचे. तेव्हा त्या रेकॉर्डी ऐकून 'निकिशचा ऑर्केस्ट्रा बारीक वाजायचा' म्हणणं म्हणजे पासपोर्ट फोटो बघून माणसाची उंची सांगण्यासारखं. १९२५ साली माईक आला, विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि एका वर्षात खर्ज परत आला. १९४८ला एलपी आली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं, तेव्हा कुठं ऐकणाऱ्याला न उठता एक अख्खा भाग मिळाला. मग १९८२ला सीडी.

तुमच्या अल्बममध्ये एक ऐकून बघा. काही ठिकाणी बाजू संपता संपता वेग जरासा मंदावतो, वाक्य संपवल्यासारखा, कारण पुढं तुटणार हे त्यांना माहीत असायचं. आता कॉम्प्युटरवर त्या बाजू एकमेकांना चिकटवून देतात तेव्हा भर रस्त्यात कारण नसताना गतिरोधक आल्यासारखं वाटतं. कंडक्टरनं ते भावनेनं केलंय असं समजून मी एकदा यावर कौतुकाचा परिच्छेद लिहिलाय, कुठं ते सांगत नाही.

प्रश्न (कॅम्प, बेळगाव): मी फौजेच्या बँडमध्ये होतो, आता रिटायर. पाचवीचा पहिला भाग आम्ही बँडसाठी बसवलेल्या कागदावरून वाजवलेला आहे. पहिल्या वादळानंतर हॉर्नची जी ललकारी येते ती पुढं पुन्हा येते. माझ्याकडच्या एका रेकॉर्डमध्ये दुसऱ्या वेळीपण हॉर्नच आहे, आणि दुसऱ्या रेकॉर्डमध्ये तिथं काहीतरी मऊ, नाकात बोलल्यासारखं येतं. हे चुकून झालं का?

उत्तर: चुकून नाही, साहेब, आणि याचं कारण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल, कारण तुम्ही बिगुल फुंकलेला आहे. बिगुलाला व्हॉल्व्ह नसतात, ओठानं जे चार-पाच स्वर निघतील तेवढेच. बीथोव्हेनच्या काळातला हॉर्न असाच, गुंडाळलेली नळी, एका पट्टीला बांधलेली. पहिल्या वेळची ललकारी त्या नळीच्या पट्टीत बसते म्हणून ती हॉर्नला दिली. दुसऱ्या वेळी, भाग साधारण दोन तृतीयांश झाल्यावर, संगीत वेगळ्या पट्टीत असतं, तिथले स्वर त्या हॉर्नमधून खणखणीत निघत नाहीत आणि नळी बदलायला मध्ये उसंत नाही. मग त्यानं ते बसूनला दिलं. बसून म्हणजे बसून वाजवायचं नव्हे, लांब लाकडी सुषिर वाद्य, तुम्हाला आलेला नाकातला आवाज त्याचाच.

पुढं व्हॉल्व्हचे हॉर्न आले, सगळे स्वर निघायला लागले, आणि कंडक्टर लोकांनी ठरवलं की त्याच्याकडे आपला हॉर्न असता तर त्यानं तोच वापरला असता. द्या परत हॉर्नला. विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या रेकॉर्डींत म्हणून दुसऱ्या वेळीपण हॉर्न गरजतो. मग जुन्या वाद्यांवाले आले, त्यांनी म्हटलं लिहिलंय ते वाजवा, आणि बसून परत आला. १९९०च्या दशकात जोनाथन डेल मार यांनी हस्तलिखितं आणि जुन्या छापील प्रती ताडून नऊही सिंफनींची नवी आवृत्ती काढली, तेव्हापासून तर लिहिलंय तेच वाजवायचं हा आग्रह आणखी वाढला.

मला स्वतःला काय आवडतं? हॉर्नच. पाप लागू दे. बसून ऐकलं की मला वाटतं सुभेदार मेजर रजेवर गेलेत आणि त्यांच्या जागी कारकून ऑर्डर देतोय. पण तुमची ती मऊ आवाजाची रेकॉर्ड 'चुकीची' नाही, उलट कागदाला तीच धरून आहे.

प्रश्न (निपाणी): महलरच्या पाचव्या सिंफनीतला तो नुसत्या तंतुवाद्यांचा आणि हार्पचा भाग, अडाजिएट्टो, मला फार आवडतो. एक १९२६ची रेकॉर्ड सापडली, मेंगेलबर्गची. त्यात व्हायोलिनवाले चक्क मींड घेतात, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. आताच्या रेकॉर्डमध्ये असं कुणी करत नाही. आणि ती सातच मिनिटांत संपते, माझ्याकडची दुसरी जवळपास दुप्पट आहे. बाजूत बसावी म्हणून पळवली का?

उत्तर: ताई, हा प्रश्न वाचून मी जेवण बाजूला ठेवून ती रेकॉर्ड लावली.

मींडचं आधी. त्यांच्याकडे त्याला पोर्टामेंटो म्हणतात आणि शंभर वर्षांपूर्वी युरोपातला प्रत्येक व्हायोलिनवाला ती घ्यायचा, गाणारे घ्यायचे, ऑर्केस्ट्रात पन्नास जण मिळून घ्यायचे, आणि प्रत्येकाची थोडी मागंपुढं, त्यामुळं ती एकसंध रेघ न वाटता हवेत सोडलेल्या रेशमासारखी हलते. १९३०-४०च्या दरम्यान ती ओसरत गेली आणि मग इतकी गेली की आज कुणी घेतली तर लोक हसतात. का गेली यावर बरंच बोललं जातं. मला पटतं ते कारण रेकॉर्डिंगचंच आहे. मैफलीत एकदा ऐकलेली मींड काळजाला भिडते, तीच तबकडीवर त्याच जागी, तेवढीच, पन्नासदा ऐकली की लाडिक वाटायला लागते. शिवाय वाजवणाऱ्यांनी पहिल्यांदाच स्वतःला बाहेरून ऐकलं. आपला आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकला की आपणही दुसऱ्या दिवशी जरा जपूनच बोलतो. त्याच सुमारास उलट एक गोष्ट वाढली, स्वर धरताना बोट हलवून आणायचा कंप, व्हायब्राटो. पूर्वी तो एखाद्या स्वराला दागिना म्हणून असायचा, मग सगळ्याच स्वरांना कायमचा आला. नॉरिंग्टननं पुढं तोही काढून टाकला, त्यावर लोक अजून भांडतात. आपल्याला यात मौज अशी की आपल्याकडे मींड काढली तर यमनातही काही उरणार नाही, आणि तिकडे ती 'वाईट सवय' ठरली!

आता सात मिनिटं. बाजूत बसवायला पळवली हा संशय रास्त आहे, ती दोन बाजूंवर आहेच. पण ब्रुनो वॉल्टर, जो महलरचा साहाय्यक होता, त्यानं १९३८च्या जानेवारीत व्हिएन्नात नुसता हाच भाग तबकड्यांसाठी रेकॉर्ड केला, तोही आठच मिनिटांचा आहे. आणि तबकडीचा काही संबंध नसलेल्या, महलरच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या ज्या नोंदी आहेत त्यातही सात ते नऊ असे आकडे सापडतात. म्हणजे हे पळवणं नव्हे, त्यांचा वेगच तो होता. कागदावर महलरनं 'अगदी सावकाश' असंच लिहिलंय, आणि सात मिनिटवालेही आणि चौदा मिनिटवालेही तेच दोन शब्द पाळतायत.

मेंगेलबर्गच्या स्वतःच्या प्रतीत त्यानं लिहून ठेवलंय की हा भाग म्हणजे महलरनं आल्माला, म्हणजे पुढं त्याची बायको झाली तिला, केलेलं प्रेमाचं निवेदन, शब्दांऐवजी स्वरांची चिठ्ठी. आता प्रेमाची चिठ्ठी कुणी चौदा मिनिटं वाचेल का. पण मग १९६८च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीला न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये बर्नस्टाइननं हाच भाग वाजवला, आणि तीन वर्षांनी एका इटालियन सिनेमात तो मरणाऱ्या माणसाच्या मागे वाजला, आणि चिठ्ठीची शोकसभा झाली. त्यानंतरच्या रेकॉर्डींची मिनिटं बघा, कारायानची १९७३ची बारा मिनिटांच्या आसपास, हायटिंकची बर्लिनमधली १९८८ची चौदाच्या जवळ. कुंदा आटवावा तसा आटवत नेला. वाईट लागतो असं नाही हं, हायटिंकची रात्री दिवा मालवून ऐकावी अशी आहे. पण मेंगेलबर्ग ऐकल्यावर पहिल्यांदा कळतं की या सुरात कुणीतरी कुणाचातरी हात धरतंय. अलीकडचे बरेच जण पुन्हा नऊ-दहापर्यंत खाली आलेत.

प्रश्न (हिंदवाडी, कॉलेजची विद्यार्थिनी): रेकॉर्डिंगमध्ये कधीच चूक कशी होत नाही?

उत्तर: होते, कापतात. १९४०च्या दशकाच्या शेवटी टेप आली, टेप ब्लेडनं कापून जोडता येते. तेव्हापासून एका सिंफनीत शेकडो जोड असू शकतात. सीडीवर 'लाइव्ह' लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा दोन-तीन रात्रींचं मिळून एक केलेलं असतं आणि खोकले काढलेले असतात. चुकांसकट ऐकायचं तर फुर्टवेंगलरची मे १९४७ची बर्लिनची पाचवी ऐक. युद्धानंतर त्याच्यावर बंदी होती, ती उठल्यावर तो बर्लिनमध्ये परत उभा राहिला तेव्हाची ही. सगळे एकदम सुरू होत नाहीत, आवाज धुरकट आहे, आणि शेवटच्या भागात अंगावर काटा येतो.

प्रश्न (गणेशपूर): एकच कंडक्टर जन्मभर एकसारखाच वाजवतो का?

उत्तर: छे. क्लेम्परर तरुणपणी झपाट्याचा म्हणून ओळखला जायचा, म्हातारपणी डोंगर सरकावा तसा वाजवायचा. बर्नस्टाइननं चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा शेवटचा भाग १९८६ साली सतरा मिनिटांवर नेला, इतरांना तो दहाच्या आसपास पुरतो. कारायाननं बीथोव्हेनच्या नऊही सिंफनींचा संच चार वेळा केला, पन्नाशीच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत, आणि त्याच्याबाबतीत वेगापेक्षा आवाजाचा पोत जास्त बदलतो. चारही घेऊ नका, पैसे वाया. १९६१-६२वाला पुरे.

प्रश्न (खानापूर, वर ज्यांच्या ट्रंकेचा उल्लेख आहे तेच): त्या तबकड्यांना पावसाळ्यात पांढरी बुरशी आलीय. एका मेकॅनिकनं स्पिरिटनं पुसायला सांगितलंय. पुसू का?

उत्तर: अजिबात नको! हे उत्तर खरं तर सगळ्यात आधी छापायला हवं होतं. ७८ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पुसलीत तर बुरशीबरोबर सूरही निघून येईल. प्लॅस्टिकच्या एलपीला चालतं ते हिला चालत नाही. डिस्टिल्ड पाणी घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कपडा नुसता ओलसर करून खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका, मग नुसत्या पाण्याच्या कपड्यानं एकदा, आणि सावलीत उभी करून वाळवा. उन्हात नाही, वाकडी होते. अल्बमच्या पुठ्ठ्यालाही बुरशी असणारच, म्हणून वाळलेल्या तबकड्या लगेच त्यात परत घालू नका, साध्या कागदाच्या पाकिटात उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचल्या की खालची तडकते. आणि ट्रंक भिंतीपासून जरा लांब ओढा, तुमच्या खानापूरच्या पावसात भिंतच आधी भिजते.

सगळं झालं की लेबलवर काय लिहिलंय त्याचा एक फोटो पाठवा, कुठली सिंफनी नि कुणाची ते बघतो. शहापूरचे पेटीवाले बुवा जवळच आहेत, पट्टी त्यांच्याकडून तपासून घेऊ.